खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (१५ जानेवारी, १९२६ - १४ ऑगस्ट, १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे झालेल्या ऑलिंपिक स्पर्धेत ५७ किलो वजनगटाच्या फ्रीस्टाइल कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्यापूर्वी १९०० साली पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती. मात्र ते ब्रिटिश अमदानीतील होते आणि ती पदके भारताच्या नावावर धरावीत की नाही, यावर क्रीडा इतिहासकारांत मतभेद आहेत. जाधवांच्या पदकाबाबत असा वाद नाही.

जन्माने सातारा जिल्ह्यातील असलेल्या जाधवांची कुस्ती कोल्हापुरात घडली. ऑलिंपिकच्या दोन्ही वाऱ्यांच्या वेळी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी म्हणून ओळखले जात. क्रीडाविषयक लिखाणात त्यांचा उल्लेख 'के. डी. जाधव' असा येतो. लहान चण आणि विलक्षण चपळाई यांमुळे इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांना 'पॉकेट डायनॅमो' असे नाव दिले होते.

पूर्वायुष्य

खाशाबांचा जन्म कराडजवळील गोळेश्वर या गावी शेतकरी कुटुंबात झाला. वडील दादासाहेब जाधव हे पंचक्रोशीत नाव असलेले मल्ल होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाड्याचे वातावरण असल्याने त्यांनी अगदी लहानपणी लंगोट कसला. आठव्या वर्षी त्यांनी एका स्थानिक मल्लाला दोन मिनिटांत चीत केल्याची आठवण गावात सांगितली जाते. कुस्तीखेरीज पोहणे, धावणे, मल्लखांब आणि कबड्डी यांतही त्यांना गती होती.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. सातारा जिल्ह्यात हा काळ 'चले जाव' आंदोलनाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचा होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे विद्यार्थी असलेल्या खाशाबांनीही केली.

कोल्हापूर आणि राजाराम महाविद्यालय

शालेय शिक्षणानंतर खाशाबा कोल्हापूरला आले. कुस्तीसाठी महाराष्ट्रात त्याहून योग्य गाव नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मल्लांना खुराक, निवास आणि मानधन देऊन कुस्तीला राजाश्रय दिला होता. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील प्राचीन प्रेक्षागृह पाहून त्यांना कोल्हापुरात तसे मैदान असावे असे वाटले, आणि त्यातून १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी गोलाकार बैठक अशी त्याची रचना आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींतून उत्तरेकडील नामांकित पैलवानांशी झुंजणारे मल्ल तयार होत.

या परंपरेत एक अडचणही होती, आणि खाशाबांची कारकीर्द समजून घेताना ती लक्षात घ्यावी लागते. मातीवरच्या कुस्तीत वजनगट नसतो. जोड लावताना अंगलट पाहिली जात असली, तरी मैदानाची शेवटची, मोठ्या इनामाची कुस्ती ही भारी वजनाच्या मल्लांचीच. पन्नास-पंचावन्न किलोचा पैलवान कितीही तरबेज असला, तरी तो मैदानाचा नायक होऊ शकत नसे. पाच फूट पाच इंच उंचीच्या खाशाबांना याचा अनुभव महाविद्यालयातही आला. वार्षिक क्रीडास्पर्धेसाठी त्यांचे नाव घेण्यास क्रीडाशिक्षकांनी त्यांच्या देहयष्टीकडे पाहून नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांच्याकडे गेले. खर्डेकरांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड मल्लांना हरवून ती सार्थ केली. प्राचार्य आणि विद्यार्थी यांच्यातील हा परिचय पुढे निर्णायक ठरला.

बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे कुस्तीतील मार्गदर्शक होते. खाशाबांचा हुकमी डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला कमरेवरून उचलत खाली आणण्याचा हा डाव ताकदीपेक्षा वेळ साधण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे हलक्या अंगाच्या मल्लाला तो विशेष सोयीचा पडतो.

लंडन ऑलिंपिक, १९४८

स्वातंत्र्यानंतरचे पहिले ऑलिंपिक १९४८ साली लंडनला झाले. खाशाबांची भारतीय संघात निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. संस्थान तेव्हा विलीन झालेले नव्हते आणि गुणी मल्लाला दरबारातून मदत मिळणे ही कोल्हापूरकरांच्या दृष्टीने नेहमीची बाब होती.

लंडनला खाशाबा ५२ किलो म्हणजे फ्लायवेट गटात खेळले. गादीवर खेळण्याची त्यांना सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही अपरिचित होते. मातीत पाय रुततो, त्यामुळे उभे राहून रेटा देणारी, दमाची कुस्ती तेथे चालते. कुस्ती निकाली व्हायची म्हणजे कोणीतरी चीत व्हायचे; तोवर ती अर्धा-पाऊण तासही चालू शकते. गादीवर पाय सरकतो, वेळ मोजून दिलेली असते आणि प्रतिस्पर्धी चीत झाला नाही तर पंच विजेता ठरवतात. त्यामुळे सतत चढाई करणाऱ्याला लाभ होतो. लंडनला भारतीय कुस्तीगिरांना प्रशिक्षण देणाऱ्या रीस गार्डनर यांनी खाशाबांना या पद्धतीची ओळख करून दिली.

पहिल्या फेरीत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच पराभूत केले. त्यानंतर अमेरिकेच्या बिली जर्निगनवर विजय मिळवला. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते हरले आणि अखेरीस त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीवर पहिल्यांदाच उतरलेल्या बावीस वर्षांच्या मल्लासाठी ही कामगिरी लक्षणीय होती. परतल्यावर त्यांनी पुढील चार वर्षे सराव वाढवला आणि वजनगट बदलून ते ५७ किलो म्हणजे बँटमवेट गटात आले.

हेलसिंकीची निवड आणि प्रवासखर्च

हेलसिंकीसाठीची निवड सरळ झाली नाही. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून विजेत्यापेक्षा एक गुण कमी देण्यात आला, अशी जाधवांची तक्रार होती. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादविंद्रसिंह यांच्याकडे त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः क्रीडाप्रेमी होते. त्यांनी जाधवांना निवड चाचणीत संधी देवविली. तेथे प्रतिस्पर्ध्याला चीत करून जाधवांनी संघातील स्थान मिळवले.

खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला. प्रवासाचा खर्च खेळाडूलाच करायचा होता, आणि १९४८ साली मदतीला आलेले कोल्हापूर संस्थान आता अस्तित्वात नव्हते. १ मार्च, १९४९ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले होते. मल्लांना आधार देणारी राजाश्रयाची व्यवस्था संपली होती आणि तिची जागा घेणारे सरकारी क्रीडाधोरण अद्याप आकारास आले नव्हते. लंडन आणि हेलसिंकी यांमधल्या चार वर्षांत पडलेल्या या खिंडारात खाशाबा सापडले. मुंबई सरकारकडे केलेल्या विनंतीचा उपयोग झाला नाही, असे त्यांच्याविषयीच्या लिखाणात नोंदवले आहे.

गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी गोळा केली. खाशाबा आणि त्यांचे कुटुंबीय कराड परिसरात दारोदार फिरले. व्यापाऱ्यांनी, परिचितांनी जमेल तशी भर घातली. तरीही रक्कम अपुरी पडत होती. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी कोल्हापुरातील आपले राहते घर बँकेकडे गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. महाविद्यालयाच्या प्राचार्याने विद्यार्थ्याच्या स्पर्धेसाठी घर गहाण टाकण्याचे दुसरे उदाहरण भारतीय क्रीडा इतिहासात क्वचितच आढळेल. खर्डेकर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेवरही निवडून आले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

हेलसिंकी ऑलिंपिक, १९५२

त्या काळी ऑलिंपिक कुस्तीत आजच्यासारखी बाद पद्धत नव्हती. प्रत्येक कुस्तीनंतर मल्लाच्या नावावर दंडगुण चढत. प्रतिस्पर्ध्याला चीत केल्यास दंडगुण शून्य, निर्णयावर जिंकल्यास एक, हरल्यास तीन अशी साधारण आकारणी होती, आणि पाच दंडगुण झाले की मल्ल बाहेर पडे. त्यामुळे केवळ जिंकणे पुरेसे नसे. चीत करून जिंकणाऱ्याला पुढच्या फेऱ्यांसाठी मोकळीक मिळे. निकाली कुस्तीत वाढलेल्या मल्लाला हा नियम मानवणारा होता. कुस्तीची कमाल मुदत पंधरा मिनिटे असे.

जाधवांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला १४ मिनिटे २५ सेकंदांत, म्हणजे वेळ संपायला जेमतेम अर्धे मिनिट उरले असताना चीत केले. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तोविरुद्धची कुस्ती त्यांनी ५ मिनिटे २० सेकंदांतच निकाली केली. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर त्यांनी निर्णयावर विजय मिळवला. या तीन विजयांच्या बळावर ते अखेरच्या तीन मल्लांत पोहोचले. उरलेले दोघे होते जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह.

इशी हे मुळात जुदोपटू. त्यांच्याविरुद्धची झुंज पूर्ण वेळ चालली आणि जाधव ती गुणांवर हरले. प्रचलित वृत्तांतानुसार, त्यानंतर लगेचच त्यांना मम्मदबेयोव्हविरुद्ध उतरण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. परंतु तो पंचांच्या निदर्शनास आणून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी उपस्थित नव्हता, आणि भाषेच्या अडचणीमुळे जाधवांना स्वतः दाद मागता आली नाही. थकलेल्या अवस्थेत ते ही कुस्तीही हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव्हना रौप्य आणि जाधवांना कांस्यपदक मिळाले. इशींचे हे सुवर्ण हेलसिंकीतील जपानचे एकमेव सुवर्णपदक होते, तर सोव्हिएत संघ त्या वर्षी प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरला होता. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याची चर्चा मराठी क्रीडालेखनात वारंवार होते. तिचे उत्तर देता येत नसले, तरी संघासोबत जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे काम नेमके काय असते, हे त्या प्रसंगातून स्पष्ट होते.

याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे हे ६२ किलो गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच गावच्या मातीत तयार झालेल्या दोन मल्लांनी लागोपाठच्या वजनगटांत अशी मजल मारूनही माणगावे यांचे नाव आज फारसे घेतले जात नाही.

जाधवांचे पदक २३ जुलै, १९५२ रोजी निश्चित झाले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा पराभव करून सुवर्णपदक जिंकले. त्यांतील पाच गोल बलबीर सिंग यांचे होते. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे गेले.

परतीचे स्वागत

राजधानीत जे कौतुक झाले नाही, ते कराडने केले. कराड रेल्वे स्थानकावर त्यांच्या स्वागतासाठी ढोल-ताशांसह मोठा जमाव लोटला. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली आणि एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला सुमारे सात तास लागले.

त्यानंतर खाशाबांनी केलेली गोष्ट त्यांच्या स्वभावावर प्रकाश टाकणारी आहे. सत्काराच्या रकमेची वाट न पाहता त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या लावल्या, स्वतः त्यांत उतरले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले.

पोलीस सेवा आणि निवृत्ती

१९५५ साली जाधव पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. दलांतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक विजय मिळवले आणि कुस्तीचे प्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी चालू होती. मात्र गुडघ्याला झालेल्या गंभीर दुखापतीमुळे ती संधी हुकली आणि स्पर्धात्मक कारकीर्द तेथेच थांबली. तेव्हा ते तीस वर्षांचे होते.

हिंद केसरी स्पर्धा १९५८ मध्ये आणि महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली, म्हणजे दोन्ही त्यांच्या निवृत्तीनंतरच्या. श्रीपती खंचनाळे (१९५९) आणि गणपतराव आंदळकर (१९६०) या कोल्हापूरच्या मल्लांनी हिंद केसरीची गदा पटकावली आणि ते घरोघरी पोहोचले. त्या काळच्या कुस्तीशौकिनांना चांदीची गदा जितकी कळत होती, तितके ऑलिंपिकचे कांस्यपदक कळत नव्हते. जाधवांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेमागे सरकारी अनास्था होतीच, पण हेही एक कारण होते.

सत्तावीस वर्षांच्या सेवेत त्यांची पदोन्नती फार उशिरा झाली. निवृत्तीच्या काही महिने आधी ते सहाय्यक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. क्रीडा संघटनांनी त्यांची दखल जवळपास घेतलीच नाही. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश करण्यात आला, हा त्यांच्या हयातीतील मोजक्या राष्ट्रीय सन्मानांपैकी एक. १४ ऑगस्ट, १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

मरणोत्तर सन्मान

पुरस्कार मिळू लागले ते त्यांच्या मृत्यूनंतर. महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना १९९० च्या दशकात, तर केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी मरणोत्तर देण्यात आला. तोवर १९९६ मध्ये अटलांटा येथे टेनिसपटू लिअँडर पेस यांनी कांस्यपदक जिंकून ४४ वर्षांचा खंड संपवला होता, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांना जाधवांचे नाव पुन्हा आठवले होते. कुस्तीतील पुढील पदकासाठी देशाला २००८ पर्यंत थांबावे लागले. बीजिंगला सुशील कुमार यांनी ते मिळवले.

२०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला जाधवांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी, २०२३ रोजी त्यांच्या ९७ व्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. महाराष्ट्र शासनाने त्यांची जयंती राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी करण्याचा निर्णय घेतला आहे. त्यांना पद्म पुरस्कार मिळावा, ही मागणी कुटुंबीय आणि क्रीडाप्रेमी अनेक वर्षे करीत आले.

गोळेश्वर येथे त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याची घोषणा शासनाने केली होती. काम रेंगाळल्याने २०१७ साली कुटुंबीयांनी पदकाचा लिलाव करून त्या पैशांतून संकुल उभारण्याचा विचार बोलून दाखवला आणि देशभरातील वृत्तपत्रांनी त्याची दखल घेतली. गावातील जाधवांच्या घराचे नाव 'ऑलिंपिक निवास' असे आहे.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली. १ ऑगस्ट, २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकणारे नेमबाज स्वप्निल कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे आहेत.